मुलांचं धर्मशिक्षण: चर्च आईबापांना हात देतं की नुसती हजेरी घेतं?

रानजाई

माहेर-सासर दोन्ही वसईतलं, संसार मात्र पुण्यात. मुलगा चौथीत आहे आणि यंदा त्याचा प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकार. (इतर वाचकांसाठी: साधारण आठ-नऊ वर्षांच्या मुलाला मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, पहिल्यांदा ख्रिस्तशरीर, म्हणजे आशीर्वादित भाकर, दिलं जातं. घरात हा मोठा सोहळा असतो.)

आमच्या इथल्या चर्चमध्ये मुलांना एक वही दिली आहे. दर रविवारी मिस्सा झाली की तीवर शिक्का मारून घ्यायचा. शिक्के कमी भरले की पालकांना बोलावणं येतं. महिन्याकाठी पालकसभा असते, पण तिथे चर्चा कशाची? मुलींच्या फ्रॉकला बाह्या हव्यात, मेणबत्त्या सगळ्यांच्या सारख्या हव्यात, फोटोवाला एकच राहील. मागच्या सभेत एका बाबांनी विचारलं, "फादर, मुलगा झोपताना विचारतो, आजोबा आजारी होते तेव्हा आपण रोज प्रार्थना केली, मग देवाने ऐकलं का नाही? काय सांगू त्याला?" फादर म्हणाले, चांगला प्रश्न आहे, नंतर बोलू. पुढची दहा मिनिटं बुटांच्या रंगावर गेली.

वसईत असताना माझ्या आईबाबांना यातलं काही करावंच लागलं नाही. दिवेलागणीला आजी रोझरीला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, बसवायची. मे महिन्यात आळीतल्या क्रुसापाशी सगळ्या घरांतली पोरं जमायची, लितानी (एकाने म्हणायची आणि बाकीच्यांनी साथ द्यायची प्रार्थना) संपली की हातावर उकडलेले चणे पडायचे आणि आम्ही खरं तर त्या चण्यांसाठीच जायचो. इथे अकराव्या मजल्यावर आम्ही दोघं आणि मुलगा. शेजारी कोण कॅथलिक आहे तेही नाताळात दाराला तारा लागला की कळतं.

तर विचारायचं हे की तुमच्याकडे, कॅथलिक असो की प्रॉटेस्टंट, आईबापांना खरोखर उपयोगी पडेल असं काय होतं? "आमचं वातावरण छान आहे" छाप उत्तरं नकोत. नेमकं सांगा.

नंदाखालकर

रानजाई, शिक्क्याची वही आमच्याकडेही होती. तिची बाजू आधी सांगतो, मग तुमची. वर्षभर न फिरकणारे पालक शेवटच्या महिन्यात उगवतात, "फादर, हॉल बुक केलाय, नाही म्हणू नका". त्यांच्यासाठी निघालेली ती युक्ती आहे. अडचण अशी की त्या लोकांना वहीने काडीचा फरक पडत नाही, ते शिक्केही गोळा करून आणतात. त्रास होतो तो तुमच्यासारख्यांना.

मी बरीच वर्षं रविवारी धर्मशिक्षणाचा वर्ग घेतो. वर्ग पाऊण तासाचा. त्यातली दहा मिनिटं "सर, याने माझी पेन्सिल घेतली" यात जातात. पहिलीच्या वर्गात क्रुसाची खूण शिकवताना मी मुद्दाम डावा हात वापरतो, कारण समोर बसलेली मुलं आरशासारखी नक्कल करतात, म्हणजे त्यांचा उजवा हात उठतो. पण ज्या घरी रोज प्रार्थना होते तिथली मुलं माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा, हात आपोआप फिरतो. कुठल्या घरी काय चालतं ते मला पहिल्याच रविवारी पाच मिनिटांत कळतं, आणि उरलेलं वर्ष त्यात मी फारशी भर घालू शकत नाही हेही.

आणि हे चर्चलाही ठाऊक आहे बरं का. १९८३ च्या धर्मसंहितेचं, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याचं, कलम ७७४ उघडून बघा. शब्दाने आणि आचरणाने मुलांना श्रद्धेत घडवण्याची जबाबदारी इतर कुणाच्याही आधी आईवडिलांची, असं लिहिलंय. कलम ९१४ प्रथम कम्युनियनच्या (म्हणजेच प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकाराच्या) तयारीबद्दल आहे, तिथेही आधी आईवडील, मग धर्मगुरू. त्याच्याही मागे जा. १९१० साली पोप दहावे पायस यांनी प्रथम कम्युनियनचं वय सातच्या आसपास आणलं. त्याआधी बऱ्याच ठिकाणी मुलांना दहा, बारा, कुठे चौदा वर्षांपर्यंत थांबवत. त्या आदेशात मूल तयार आहे की नाही हे ठरवायचा अधिकार बापाला आणि कन्फेशन (पापांची कबुली) ऐकणाऱ्या धर्मगुरूला दिला होता. शिक्का मारणाऱ्याला नाही!

आम्ही एकच बदल केला. मुलं वर्गात असतात तो पाऊण तास पालक गेटबाहेर स्कूटरवर बसून मोबाइल बघायचे. त्याच वेळेत त्यांना हॉलमध्ये बसवतो आणि त्या रविवारी मुलांना जो धडा तोच मोठ्यांना. कन्फेशनचा धडा असला तर मोठ्यांशीही कन्फेशनबद्दल बोलणं. वेगळी सभा नाही, वेगळी खेप नाही. पहिल्या वेळी निम्मे आले. एका बाईंनी सांगितलं की स्वतःच्या दृढीकरणानंतर (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार) त्या कन्फेशनला गेल्याच नव्हत्या, आता कसं सुरू करायचं तेही आठवत नाही. हॉलमध्ये एकदम चुळबुळ. कारण तसे बरेच होते. मुलाला शिकवायचं कसं हा प्रश्न असतोच, पण अर्ध्या पालकांना आधी स्वतःचं विचारायचं असतं आणि ते विचारायला जागा नसते.

सीनातीर

जय ख्रिस्त. मी नगरची, सीएनआय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन झालेलं. त्यात बाप्टिस्टही होते, म्हणून आमच्याकडे बाळाचा बाप्तिस्माही चालतो आणि नुसतं बाळाचं अर्पण करून बाप्तिस्मा मोठेपणी त्याने स्वतः घ्यावा, हेही चालतं. कुठलं करायचं ते आईबाप ठरवतात.)

नेमकं विचारलंय म्हणून नेमकं सांगते. माझ्या दुसऱ्या बाळंतपणानंतर महिला मंडळातल्या बायकांनी वार वाटून घेतले होते. कुणी डबा आणायचं, कुणी बाळाला घेऊन बसायचं. त्यातल्या एक आजी काहीच करायच्या नाहीत, फक्त थोरल्याला मांडीवर घेऊन गाणी म्हणायच्या. रेव्हरंड टिळकांची अभंगाच्या चालीवरची गीतं त्याला शाळेत जायच्या आधी पाठ झाली, आणि मी एकही शिकवलेलं नाही. मला त्या दिवसांत "तुमचं मूल विश्वासात वाढवा" यावर कुणी प्रवचन दिलं असतं तर मी रडले असते. मला झोप हवी होती.

दुसरं सोनेरी वचनाचं. संडे स्कूलमध्ये दर आठवड्याला एक वचन पाठ करायचं असतं. महिन्यातून एकदा मुलं मोठ्यांच्या उपासनेत पुढे येऊन ते म्हणतात. माझा धाकटा वचन विसरला आणि तसाच उभा राहिला. दुसऱ्या रांगेतल्या एका काकांनी हळूच पहिला शब्द दिला, मग तिसऱ्या रांगेतून दुसरा. तो म्हणून गेला. घरी आल्यावर विचारतो, "त्या काकांना माझं वचन कसं माहीत?" आता त्याला दर रविवारी त्या काकांच्याच शेजारी बसायचं असतं. आईबापांखेरीज अजून दोन-चार मोठी माणसं हे सगळं खरं मानतात, हे मुलाला दिसायला हवं. एकट्या आईबापांचं दहावीपर्यंतच ऐकतात.

आणि त्या बाबांच्या प्रश्नाबद्दल. लाजराच्या थडग्यापाशी येशू रडला हे मुलाला सांगा, योहानाच्या अकराव्या अध्यायात आहे. पुढे लाजर उठला ते खरं, पण आधी तो रडला. आणि १३ वं स्तोत्र मुलाबरोबर वाचा, ते देवाला "किती दिवस मला विसरणार आहेस?" असंच विचारतं. उत्तर देऊ नका, तुम्हाला तरी कुठे माहीत आहे. देवाला असं विचारता येतं एवढं कळलं तरी मूल झोपतं. आमच्या पाळकबाईंनी हे सांगितलं होतं, माझी अक्कल नाही.

कट्टेकरी

मी ख्रिस्ती नाही, धागा वाचतोय. एक शंका. माझ्या जिवलग मित्राने मला त्याच्या मुलीचा गॉडफादर हो म्हणून विचारलं. मी खूश. मग चर्चमधून नकार आला. खरं सांगायचं तर लागलं मनाला. तिच्यासाठी मी काय वाईट करणार होतो?

मोगरा_पापडी

कट्टेकरी, तुमचं वाईट वाटणं रास्त आहे, पण नकार तुमच्या माणुसकीला नव्हता. कॅथलिक नियमाने धर्मपिता किंवा धर्ममाता होणारी व्यक्ती स्वतः कॅथलिक हवी, तिचं दृढीकरण झालेलं हवं, वय साधारणपणे सोळा पूर्ण हवं आणि ती बाळाची आई किंवा बाप नसावी. दुसऱ्या चर्चचा बाप्तिस्मा झालेला माणूस कॅथलिक धर्मपित्याच्या जोडीने साक्षीदार म्हणून उभा राहू शकतो.

कारण विधीतच आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मगुरू आधी आईवडिलांना विचारतात की मुलाला श्रद्धेत वाढवायची जबाबदारी तुम्ही घेताय, तिची पूर्ण जाणीव आहे ना? मग धर्ममाता-धर्मपित्याकडे वळून विचारतात की या आईवडिलांना त्या कामात मदत करायला तयार आहात का? म्हणजे त्यांची नेमणूक आईबापांच्या मदतीसाठी असते. जी श्रद्धा आपली नाही ती दुसऱ्याच्या मुलीला शिकवायचं वचन तुम्ही कसं देणार?

आता खरं काय होतं ते सांगते. आपण धर्मपिता निवडतो तो सगळ्यात पैसेवाला मामा. तो सोन्याची साखळी घालतो, फोटो काढतो आणि कुवेतला जातो. पुढची भेट लग्नात. माझ्या मुलीच्या वेळी मी हट्टाने माझी अविवाहित मावशी निवडली. सासरी कुरकुर झाली. आज मुलगी पंधरा वर्षांची आहे, माझ्याशी धड बोलत नाही, पण दृढीकरण घ्यायचं की नाही यावर मावशीशी तासन् तास बोलते. मला आतलं काही कळत नाही आणि मी विचारतही नाही.

निवांत

माझं मत कडू लागेल. मी लहानपणी वेदीसेवक होतो, सगळे संस्कार झाले, आता जात नाही. मूल अठरा वर्षांचं होऊ द्या, मग त्याला ठरवू द्या. चर्चने आईबापांना मदत करणं म्हणजे मुलाला लवकर पकडणं, इतकंच.

सीनातीर

निवांतदादा, मुलाला आपण भाषा, खाणं, आडनाव, क्रिकेटची टीम सगळं न विचारता देतो. यातलं पुढे काय ठेवायचं ते तो ठरवतोच, तुम्ही ठरवलंतच ना? आणि आमच्याकडे मोठेपणीचा बाप्तिस्मा आहे म्हणून सांगते, तिथेही मूल पाळण्यापासून संडे स्कूलमध्येच असतं.

निवांत

आडनावासाठी कन्फेशनला जावं लागत नाही, ताई. पण मुद्दा घेतला. माझा राग मारकुट्या धर्मशिक्षकावर जास्त आहे, देवावर कमी.

नंदाखालकर

तो राग योग्य आहे. आमच्या लहानपणी छडी होती. आज हात उगारला तर तो शिक्षक पुढच्या रविवारी वर्गावर नसतो.

दोन_मुलींचा_बाप

विषय निघालाच आहे तर विचारतो, कुणाला झोंबलं तर झोंबो. मुली पाऊण तास कुणाच्या ताब्यात असतात? सहल असते, नाटकाच्या तालमी असतात. सुरक्षिततेचं काय?

नंदाखालकर

झोंबायचं काय त्यात, विचारायलाच हवं. आमची पद्धत सांगतो. वर्गात कायम दोन मोठी माणसं, दार उघडं. मुलांची कन्फेशन सगळ्यांना दिसेल अशा जागी, ऐकू मात्र येणार नाही इतक्या अंतरावर. तालमीनंतर मुलीला न्यायला कोण येणार ते आधी लिहून घेतलेलं. कुणीही शिक्षक मुलाला एकटं भेटत नाही, खासगी मेसेज करत नाही. आणि २०१२ च्या पॉक्सो कायद्यात कलम १९ आहे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचा संशय जरी आला तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक, त्यात चर्चही सुटत नाही. "आधी फादरना सांगू, मग बघू" हे चालत नाही. तुमच्या चर्चमध्ये हे असेल तर उत्तम, नसेल तर सभेत उठून मागा. बुटांच्या रंगापेक्षा हे महत्त्वाचं.

खाडीपलीकडे

मी कॅथलिक, नवरा हिंदू. चर्चमध्येच लग्न झालं, परवानगी काढून. त्या वेळी मी वचन दिलं की माझ्याकडून होईल तेवढं करून मुलांना कॅथलिक श्रद्धेत वाढवीन. नवऱ्याने काहीच लिहून द्यायचं नसतं, मी असं वचन दिलंय याची त्याला कल्पना दिलेली असावी लागते. १९७० च्या आधी दुसऱ्या बाजूकडूनही वचन घेत, आता नाही. पुष्कळांना अजून वाटतं की तो धर्म बदलतो. नाही बदलत.

वचन द्यायला दोन मिनिटं लागतात, निभावणं एकटीवर येतं. मुलगी सहा वर्षांची असताना एका धर्मशिक्षिकेने वर्गात विचारलं, गणपतीला कोण कोण जातं? हिने आनंदाने हात वर केला. घरी आली ती रडतच, "माझे पप्पा वाईट आहेत का?" मी त्या वर्षी तिला वर्गातून काढणारच होते. (कुठलं चर्च ते लिहीत नाही.)

थांबले ती आमच्या लहान समूहामुळे. आमच्याकडे धर्मग्रामाचे, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या कुटुंबांचे, वीस-पंचवीस घरांचे गट असतात, महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं, बायबल वाचायचं, चहा घ्यायचा. त्यातल्या एका काकूंनी मला काही समजावलं नाही. त्या सरळ नवऱ्याकडे गेल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही लाइनमन ना? नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्याचं वायरिंग दर वर्षी जळतं, जरा बघाल का?" तेव्हापासून डिसेंबरचे पहिले दोन आठवडे तो संध्याकाळी तिथेच असतो. कारंजं काय, फिरता तारा काय! गोठ्यातल्या बाळाची गोष्ट मुलीला त्यानेच सांगितली, तीही ट्रान्सफॉर्मर चिकटवता चिकटवता. तो प्रार्थना करत नाही, मिस्सेला येतो तेव्हा मागे उभा राहतो. पण पप्पा वाईट आहेत का हा प्रश्न पुन्हा आला नाही.

त्या शिक्षिकाबाईंशी फादर बोलले. त्या अजून शिकवतात, आणि आता तसं विचारत नाहीत.

वाळवंटी

दुबईहून. इथे आजी नाही, आळी नाही, क्रूस नाही. चर्चसाठी ठरवून दिलेलं आवार आहे, प्रार्थना त्याच्या आतच. सेंट मेरीज चर्च १९६७ पासूनचं. आमची थोरली शिकली तेव्हा धर्मशिक्षण शुक्रवारी असायचं, कारण सुट्टी शुक्रवारची. २०२२ पासून सरकारी सुट्टी शनिवार-रविवार झाली, तेव्हा धाकटीच्या वेळी घरातलं वेळापत्रक पुन्हा लावावं लागलं.

मजा म्हणजे इथे आईबापच शिक्षक आहेत. इतकी मुलं, की बाहेरून माणसं आणणार कुठून? मी अकाउंटंट, मला तिसरीचा वर्ग दिला. आधी प्रशिक्षण दिलं, पुस्तक दिलं. "जुना करार नवा करार" पलीकडे मला काही येत नव्हतं. मुलांना दहा आज्ञा शिकवायच्या म्हणून आधी मी वाचल्या. रानजाई, तुम्ही स्वतःच एक वर्ग मागून बघा. शिक्का मारणाऱ्या बाजूला गेलात की वही बंद करता येते!

भाषेचा घोळ मात्र आहेच. इथे शिकते इंग्रजीत, आणि वसईला गेल्यावर मराठी मिस्सेत मुलगी मुकी उभी राहते. आजीला वाटतं नातीला प्रार्थनाच येत नाही. आता रात्री झोपताना "हे आमच्या स्वर्गातील पित्या" मराठीत म्हणतो, आजी व्हिडिओ कॉलवर.

मोगरा_पापडी

वाळवंटी, उलटं इथेही चालू आहे. वसईतली पोरं इंग्रजी माध्यमात, धर्मशिक्षणाचं पुस्तक मराठीत. "प्रायश्चित्त" वाचताना अडखळतात म्हणून इंग्रजी वर्ग मागतात, आणि इंग्रजी वर्ग काढला की घरी आजी-आजोबा बाद. मला विचाराल तर वर्ग कुठल्याही भाषेत घ्या, पण घरची प्रार्थना आजीच्या भाषेत ठेवा. आजी फुकट आहे, रोज आहे आणि शिक्का मारत नाही.

रानजाई

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सीनातीरताई, ते स्तोत्र त्या बाबांना पाठवलं. त्यांनी उत्तरादाखल फक्त हात जोडलेले पाठवले.

नंदाखालकरांची कल्पना आमच्या फादरना सांगितली. धाकधूक होती, पण ते म्हणाले, हॉल रिकामाच असतो, बसा. ते स्वतः महिन्यातून एकदा येतील, बाकी आम्हीच. वही राहणार आहे, तो निर्णय वरचा म्हणे. दरम्यान सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारलं तर आमच्याच तीन विंगमध्ये पाच कुटुंबं निघाली, एक मंगळुरूचं, दोन केरळची. दर शुक्रवारी संध्याकाळी आळीपाळीने एकेका घरी रोझरी आणि मुलांना प्रश्न विचारायला अर्धा तास, असं ठरतंय. मुलांना सांभाळून कसं जमवायचं, काही अनुभव?

नंदाखालकर

छान. दोन गोष्टी. मोठ्यांची अख्खी रोझरी लहान मुलांवर लादू नका, एक दशक (जपमाळेतल्या दहा मण्यांचा एक भाग) पुरे, आणि ते मुलांना सांगू द्या. दुसरं, ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला की शुक्रवारी चर्चमध्ये क्रुसाची वाट (येशूच्या दुःखभोगाची प्रार्थना) असते, तेव्हा गुरुवार धरा.

खाडीपलीकडे

आणि खाणं पहिल्याच दिवशी ठरवून टाका: चहा-बिस्किट, बस. आमच्या समूहात तिसऱ्या घरी पनीर टिक्का झाला, चौथ्या घरी बिर्याणी, आणि पाचव्या घरच्या बाईंनी "पाहुणे आहेत" सांगून तारीख पुढे ढकलली ती ढकललीच.